फलकावरचें विद्यापीठ

आमच्या पिढींतल्या शाळामास्तरांस परीक्षा म्हणजे काय हें चांगलें कळत असे. विद्यापीठ म्हणजे काय हें मात्र पुष्कळांस अखेरपर्यंत कळलें नाहीं. प्रस्तुत लेखक त्यांपैकींच एक. जुन्या अकरावीची परीक्षा देऊन मॅट्रिक झालों, एका वृद्ध शास्त्रीबोवांच्या घरीं तीन-चार वर्षें कौमुदी आणि थोडें काव्य केलें, आणि मग उभा जन्म मुलांना मराठी व संस्कृत शिकविण्यांत घालविला. कॉलेजच्या पायऱ्या चढण्याचा योग आला तो दुसऱ्यांच्या मुलांच्या प्रवेशासाठीं. तेव्हां विद्यापीठांतील ऑनर्सच्या विद्यार्थ्यांविषयीं लिहिण्याचा तुम्हांस अधिकार काय, असें कोणी विचारील तर तें रास्तच होईल. पण गेल्या वर्षीं घरांतच असा एक प्रसंग घडला कीं, या विषयांत लक्ष घालणें मला भाग पडलें. आणि त्यांतून जें समजलें तें, ज्यांचीं मुलेंमुली आज कॉलेजांत आहेत अशा आईबापांच्या कानांवर घालावें असें वाटल्यावरून हा लेख.

माझ्या भाचीचें बिऱ्हाड अमेरिकेंत आहे. तिची मुलगी तेथील एका सरकारी विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजांत दाखल झाली. पहिलें सत्र संपलें, सर्व विषयांत वरची श्रेणी मिळाली, बापाला धन्यता वाटली. नाताळच्या सुटींत मुलीशीं फोनवर बोलणें झालें तेव्हां ती हळूच म्हणाली, "मामाआजोबा, गुण मिळाले; पण त्या एवढ्या गांवांत मला नांवानें हांक मारणारें कोणी नाहीं." मीं विचारलें, "अग, प्राध्यापक?" तर म्हणाली, "मी त्यांच्याकडे कधीं गेलेंच नाहीं. रोज ढिगानें निमंत्रणें येतात, अमुक व्याख्यान, तमुक मेळावा. पण बाबा म्हणतात, आधीं अभ्यास, मग बाकीच्या गोष्टी." हें बाबांचें बोलणें मला परकें वाटलें नाहीं. मीच तें हजार वेळां बोललों आहें. तरी मीं तिला सांगितलें, "एका आठवड्याचीं सगळीं निमंत्रणें मला पाठव पाहूं." तिनें पाठविलीं. शब्दकोश जवळ घेऊन मीं तीं वाचलीं.

तीं वाचण्यापूर्वीं 'ऑनर्स' हा शब्द आला कोठून तें थोडक्यांत सांगतों. ऑक्सफर्डच्या विद्यापीठानें सन १८०० मध्यें नवीन परीक्षा-नियम केले आणि साधारण उत्तीर्ण होणारा व विशेष योग्यतेनें उत्तीर्ण होणारा यांच्यांत भेद पाडला. पुढें इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले रॉबर्ट पील यांनीं सन १८०८ मध्यें प्राचीन वाङ्मय आणि गणित या दोन्ही शाखांत पहिला वर्ग मिळविला. असें करणारे ते पहिलेच. केंब्रिजमध्यें गणिताच्या ऑनर्स परीक्षेचें महत्त्व याहून मोठें. तेथें पहिल्या वर्गांतल्यांना रँग्लर म्हणत, आणि जो सर्वांत वरचा तो सीनिअर रँग्लर. सन १८९९ मध्यें हा मान कोंकणांतील मुर्डी गांवच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना मिळाला, आणि 'रँग्लर' हा शब्द मराठी घराघरांत गेला. गंमत अशी कीं, ऑनर्सच्या यादींत जो सर्वांत शेवटचा येई त्यालाहि विद्यार्थी एक भला मोठा लांकडी चमचा बहाल करीत. सन १९०९ नंतर क्रमवार यादी प्रसिद्ध करणें बंद झालें आणि चमचाहि गेला. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकभगिनींनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे: सन १८९० मध्यें फिलिपा फॉसेट या मुलीला सीनिअर रँग्लरहून अधिक गुण मिळाले, तरी यादींत तिला क्रमांक नव्हता, 'सीनिअर रँग्लरच्या वर' एवढेंच वाचून दाखविण्यांत आलें. स्त्रियांना केंब्रिजची पदवी मिळूं लागली ती १९४८ पासून.

तेव्हां ऑनर्स म्हणजे परीक्षेंतील मान, हा आपल्याकडे रूढ झालेला अर्थ तेथूनच आला. पण अमेरिकेनें हा शब्द उचलला तेव्हां त्याचा अर्थ पुष्कळच बदलला. फ्रँक एडलॉट नांवाचे इंडियाना प्रांतांतील गृहस्थ ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते. फिलाडेल्फियाजवळ क्वेकर पंथीयांनीं काढलेलें स्वार्थमोर नांवाचें लहानसें कॉलेज आहे. त्याचे ते सन १९२१ मध्यें अध्यक्ष झाले. त्यांची तक्रार अशी होती कीं, पलटणींतल्या शिपायांप्रमाणें सर्व विद्यार्थ्यांना एकाच पावलानें चालविल्यामुळें हुषार मुलाची चाल मारली जाते. म्हणून सन १९२२ मध्यें त्यांनीं ऑनर्सचा क्रम सुरू केला. शेवटचीं दोन वर्षें विद्यार्थ्यानें नेहमींच्या वर्गांऐवजीं थोड्या जणांच्या चर्चासत्रांत बसावयाचें, स्वतः निबंध लिहून तो तेथें मांडावयाचा आणि त्यावर होणाऱ्या प्रश्नांस उत्तरें द्यावयाचीं. हीं सत्रें तासन् तास चालतात, आणि मध्यंतरांत फराळाची सोय विद्यार्थीच आळीपाळीनें करतात. अखेरची परीक्षा घेतात ते परीक्षक बाहेरून बोलाविलेले असतात, आणि ते लेखीबरोबर तोंडीहि घेतात.

ही शेवटची गोष्ट वाचतांना मी क्षणभर थांबलों. शिकविणारा आणि परीक्षा घेणारा निराळा असला म्हणजे गुरु आणि शिष्य एका बाजूला येतात, आणि दोघांना मिळून तिसऱ्यापुढें उभें राहावयाचें असतें. चाळीस वर्षें पेपर काढण्यांत व तपासण्यांत गेलेल्या माणसाला यांतील मर्म अधिक सांगावयास नको.

पुढें ही पद्धति मोठ्या सरकारी विद्यापीठांतूनहि गेली. ऑरेगन विद्यापीठाचें ऑनर्स कॉलेज सन १९६० मधील. ॲरिझोनांतील बॅरेट कॉलेज १९८८ मधील. पेनसिल्व्हानियांतील श्रायर कॉलेज १९९७ मधील. तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठांत थोड्या निवडक मुलांसाठीं लहान वर्ग, बहुधा एक निराळें वसतिगृह, आणि शेवटीं एक प्रबंध, असें साधारण त्याचें रूप असतें. नेहमींच्या वर्गांत बसूनहि प्राध्यापकाशीं लेखी करार करून अधिक काम करण्याची आणि त्या विषयांत ऑनर्सची नोंद मिळविण्याची सोय पुष्कळ ठिकाणीं आहे.

आतां त्या निमंत्रणांकडे वळतों. सोमवारीं सायंकाळीं परगांवच्या एका इतिहासज्ञाचें व्याख्यान, मंगळवारीं एका प्राध्यापकाबरोबर दहा विद्यार्थ्यांचें भोजन, नांव आधीं नोंदवावयाचें, बुधवारीं प्रयोगशाळेंत काम मिळण्यासाठीं पत्र कसें लिहावें याचें मार्गदर्शन, गुरुवारीं परदेशीं एक सत्र शिकण्याविषयीं बैठक, शुक्रवारीं वाचनमंडळ, शनिवारीं नदीकांठची सफाई. बहुतेक सूचनांखालीं 'पिझ्झा मिळेल' अशी टीप होती. विद्येला पिझ्झ्याची जोड द्यावी लागते हें पाहून प्रथम हंसूं आलें. मग आठवलें कीं, आमच्या शास्त्रीबोवांच्या घरींहि एकादशीखेरीज इतर दिवशीं पाठानंतर कांहींतरी हातावर पडे, आणि केवळ त्या आशेनें येणारीं दोन मुलें पुढें चांगलीं व्युत्पन्न झालीं.

या सर्वांत महत्त्वाची सोय मात्र कोणत्याच निमंत्रणांत नव्हती. ती प्राध्यापकाच्या दारावर लिहिलेली असते. तेथें प्रत्येक प्राध्यापक आठवड्यांतील कांहीं ठराविक तास विद्यार्थ्यांसाठीं मोकळे ठेवतो; यांना 'ऑफिस अवर्स' म्हणतात. या वेळीं कोणीहि विद्यार्थ्यानें जावें, शंका विचारावी, किंवा शंका नसतांहि विषयाबद्दल बोलावें. आमची मुलगी वर्षार्ध संपला तरी एकदांहि गेली नव्हती. मीं कारण विचारलें. म्हणाली, "माझी कांहीं अडचण नव्हती, मग उगीच त्यांचा वेळ कशाला घ्यायचा?" हें उत्तर संपूर्णपणें आपल्या घरचें आहे. अमेरिकेंत जन्मलेल्या मुलीच्या तोंडूनहि तेंच निघालें. गुरूजवळ जावयाचें तें अडलें तरच, आणि गेलें तरी दाराशीं उभें राहून, हें आपण मुलांच्या अंगीं इतकें मुरवतों कीं, पुढें दार उघडें असलें तरी त्यांना तें बंदच दिसतें. मर्यादा हा गुण खराच. परंतु तेथील प्राध्यापक न आलेल्या विद्यार्थ्याला नम्र समजत नाहीं, त्याला या विषयांत गोडी नाहीं असें समजतो.

आणि याचा परिणाम पुढें होतो. ऑनर्स कॉलेजें आपल्या विद्यार्थ्यांना ज्या मोठ्या शिष्यवृत्त्यांसाठीं तयार करतात त्यांची गोष्ट पाहा. ऱ्होड्स शिष्यवृत्ति सर्वांस माहीत आहे. सेसिल ऱ्होड्स सन १९०२ मध्यें वारला, त्याच्या मृत्युपत्राप्रमाणें ती सुरू झाली, आणि १९७७ पासून ती स्त्रियांनाहि मिळूं लागली. अमेरिकेंतून दरवर्षीं ३२ जण निवडले जातात. इंग्लंडांत शिकण्यासाठींच मार्शल शिष्यवृत्ति आहे, ती १९५३ मधील. लोकसेवेकडे वळणाऱ्यांसाठीं ट्रूमन यांच्या स्मरणार्थ १९७५ मध्यें कायद्यानें स्थापिलेली, आणि विज्ञान-गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं गोल्डवॉटर यांच्या नांवाची. यांपैकीं बहुतेकांसाठीं प्रथम आपल्याच विद्यापीठाची शिफारस लागते, आणि त्याची आंतली मुदत बाहेरच्या मुदतीच्या पुष्कळ आधीं संपते. शिवाय विद्यार्थ्याला चांगला ओळखणाऱ्या अनेक प्राध्यापकांचीं पत्रें लागतात. आतां ज्या मुलीला चार वर्षांत कोणी प्राध्यापक नांवानें ओळखत नाहीं, तिच्यासाठीं कोण काय लिहिणार? 'हिला वरची श्रेणी मिळाली,' एवढेंच. आणि तें तर गुणपत्रकावर असतेंच.

येथें ज्यांचीं मुलें भारतांतून विद्यार्थी-परवान्यावर तिकडे गेलीं आहेत अशा पालकांनीं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मार्शल आणि ट्रूमन या शिष्यवृत्त्या अमेरिकेच्या नागरिकांसाठींच आहेत, आणि गोल्डवॉटरलाहि नागरिक किंवा तेथील कायमचा रहिवासी असावें लागतें. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशानें उन्हाळ्यांत चालणारे संशोधन-वर्गहि तसेच. ऱ्होड्समध्यें भारतासाठीं निराळ्या जागा आहेत. माथेरानला जन्मलेले आणि धारवाडला गणित शिकलेले गिरीश कार्नाड याच मार्गानें सन १९६० मध्यें ऑक्सफर्डला गेले, आणि तेथील सुप्रसिद्ध वादसभेचे अध्यक्षहि झाले. परवान्यावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असतांना विद्यापीठाच्या आवारांत आठवड्यास २० तासांपर्यंत काम करतां येतें. तें काम उपाहारगृहांत भांडीं विसळण्याऐवजीं प्रयोगशाळेंत मिळालें तर एका कष्टांत दोन लाभ. पण तेंहि मिळतें तें ओळखीनेंच, आणि ओळख होते ती दार ठोठावल्यानें.

प्रयोगशाळेंत पहिल्या वर्षाच्या मुलाला घेणें ही कल्पना तेथेंहि फार जुनी नाहीं. छायाचित्र घेतांच हातांत देणारा कॅमेरा शोधून काढणारे एडविन लँड यांनीं सन १९५७ मध्यें मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रज्ञान-संस्थेंत एक व्याख्यान दिलें. विद्यार्थी दाराच्या आंत आला कीं, लगेच त्याच्या हातीं स्वतःचें असें एक खरें संशोधन द्यावें, असें त्यांनीं त्यांत आग्रहानें सांगितलें. लँड यांनीं स्वतः हार्वर्डची पदवी पुरी केली नव्हती, हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. बारा वर्षांनीं, १९६९ मध्यें, त्याच संस्थेंत मार्गारेट मॅकव्हिकर या बाईंनीं ही कल्पना प्रत्यक्षांत आणली, आणि तिचें अनुकरण पुढें ठिकठिकाणीं झालें. सन १९८७ पासून तर पदवीपूर्व विद्यार्थ्यांची एक राष्ट्रीय संशोधन-परिषदच भरूं लागली; पहिली परिषद नॉर्थ कॅरोलायनांतील ॲशव्हिल येथें झाली.

ऑनर्सच्या विद्यार्थ्यांसाठीं चालणारा आणखी एक उपक्रम मला फार आवडला. त्याचें नांव 'नगर हाच ग्रंथ' अशा अर्थाचें आहे. बर्निस ब्रेड या न्यूयॉर्ककडील प्राध्यापक बाईंनीं तो सुरू केला. चार-चार विद्यार्थ्यांची टोळी करून त्यांना अनोळखी शहराच्या एखाद्या भागांत सोडावयाचें. बरोबर वाटाड्या नाहीं. त्यांनीं पायीं हिंडावें, दुकानें, देवळें, बसचे थांबे पाहावे, माणसांशीं बोलावें, आणि संध्याकाळीं परत येऊन काय पाहिलें तें लिहावें. आपल्या पुण्याच्या पेठांतून किंवा नाशिकच्या घाटावर असा पाठ घेण्यास कोणत्या अनुदानाची जरूर आहे? मी नोकरींत असतांना हें सुचलें नाहीं. सहल म्हणजे बस आणि शिऱ्याचा डबा, एवढेंच माझें ज्ञान.

या वैभवाला दुसरीहि बाजू आहे. सायंकाळीं सहाला होणाऱ्या व्याख्यानाला कोण जाऊं शकतें? ज्याला सायंकाळीं कामावर जावयाचें नाहीं तो. उन्हाळ्यांत बिनपगारी प्रयोगशाळेंत कोण राबूं शकतें? ज्याच्या घरीं त्याच्या मिळकतीची वाट पाहात नाहींत तो. संधि सर्वांना खुली आहे असें फलकावर लिहिलेलें असलें तरी, फलकापर्यंत येण्याचीच ज्याला सवड नाहीं त्याच्यापर्यंत ती कोणीतरी पोंचवावी लागते. तें काम शिक्षकाचें. आणि येथें मला माझी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. बाप कपड्यांना इस्त्री करून देत असे. आई चार घरचीं कामें करी. संस्कृतांत मुलाची बुद्धि विलक्षण. रूपें पाठ करणारे पुष्कळ असतात. हा मुलगा समास सोडवून त्यांतली गंमत दाखवी. त्या वर्षीं एका शिष्यवृत्ति-परीक्षेचें परिपत्रक शाळेंत आलें आणि वर्गांत वाचून दाखविण्यासाठीं माझ्या हातीं पडलें. स्नेहसंमेलनाची गडबड चालू होती. मीं तें एका पुस्तकांत ठेवलें. सांपडलें तेव्हां अर्जाची मुदत जाऊन नऊ दिवस झाले होते. पुढें दुसऱ्या शाळेंतील मित्राकडून त्या मुलाला परीक्षेची बातमी लागली, आणि तो मजकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, आपल्या शाळेला पत्र आलें नव्हतें का?"

मी म्हणालों, "नव्हतें."

त्यानें मान डोलावली आणि तो गेला. बारावीनंतर त्यानें शिक्षण सोडलें. आज त्याचें गांवांत कापडाचें दुकान आहे, बरें चालतें, आणि मी दिसलों कीं तो गल्ल्यावरून उठून नमस्कार करतो. त्याला मीं अजून खरें सांगितलेलें नाहीं. हें मासिक त्याच्या घरीं येतें.

आपल्याकडे आज काय स्थिति आहे? सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें पदवीचा चार वर्षांचा मार्ग खुला केला. तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडतां येतें. चवथें वर्ष पुरें करणाऱ्यास ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत शेंकडा ७५ किंवा अधिक गुण असलेल्या आणि संशोधनाची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याला चवथ्या वर्षीं प्रबंध लिहून 'संशोधनासह ऑनर्स' ही पदवी मिळविण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यांत आहे. पुष्कळ घरांतून या चवथ्या वर्षाकडे 'आणखी एका वर्षाची फी' म्हणून पाहिलें जातें. मार्गदर्शक चांगला नसेल तर तें खरेंहि ठरेल. म्हणून मुलानें तिसऱ्या वर्षाच्या आधींच आपला मार्गदर्शक हेरावा, त्याचें लेखन वाचावें, त्याच्याकडे चार वेळां जावें.

कॉलेजाबाहेरहि दारें आहेत. भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन अकादमींच्या सहकार्यानें उन्हाळी संशोधन-शिष्यवृत्त्या देत आली आहे. विद्यार्थ्याला त्या एखाद्या शास्त्रज्ञाजवळ राहून काम करण्यासाठीं मिळतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचे सुटींतले विद्यार्थी-उपक्रम प्रसिद्ध आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं सन २००४ मध्यें एक राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. गणिताची आवड असलेल्यांसाठीं १९९३ पासून चालत आलेला उन्हाळी प्रशिक्षण-वर्ग आहे. तेथें फळ्यावरचें उतरून घेण्याला मान नाहीं, प्रश्न विचारण्याला आहे. महाराष्ट्रांतील विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन-स्पर्धा २००६ पासूनची. वाङ्मय व इतिहास शिकणाऱ्यांसाठीं असे वर्ग कमी. परंतु पुण्यांत १९१० चें भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१७ चें भांडारकर प्राच्यविद्या मंदिर आहे. तेथील ग्रंथालयांत जाऊन बसणाऱ्या मुलाकडे कोणी जाणता आज ना उद्यां विचारपूस करीत येतोच.

मुलीच्या हकीकतीचा शेवट सांगावयाचा राहिला. सुटी संपल्यावर ती भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेली. पहिल्या खेपेस दारावरील तास वाचून परतली. दुसऱ्या खेपेस आंत कोणी बसलें होतें म्हणून परतली. त्या रात्रीं मला फोन केला; मीं तिला समास सोडविणाऱ्या त्या मुलाची गोष्ट सांगितली, अगदीं शेवटापर्यंत. पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. तिसऱ्या खेपेस ती आंत गेली. प्राध्यापकांनीं तिला बसावयास सांगितलें, काय वाचतेस तें विचारलें, आणि तळ्याच्या तळांतून काढलेल्या गाळाच्या नळ्या दाखविल्या. दर मंगळवारीं दोन तास येऊन त्यांवर चिठ्ठ्या लावण्याचें काम तिला मिळालें. मार्चपर्यंत चिठ्ठ्या लावून झाल्या, आणि त्यांतील परागकण मोजण्याचें काम तिच्याकडे आलें. एप्रिलांत विद्यापीठाचा विद्यार्थी-संशोधन-मेळावा होता. तिच्या नांवाचा एक कागदी फलक त्यांत लागला. बाप कचेरींतून रजा काढून सहा तास मोटार हांकीत गेला. त्यानें पाठविलेल्या छायाचित्रांत ती फलकाशेजारीं उभी आहे, आणि एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ वांकून फलकावरचें बारीक अक्षर वाचीत आहेत.